लंगड्या बैलाचं दार

ये, अशी जवळ सरक गं सोनल. आणि तो मोबाईल आधी पालथा ठेव. कागदावर लिहिलेलं असलं म्हणून काय झालं, माझं बोलणं लांबून वाचायचं नसतं. दिवाळीत काय केलंस आठवतंय का? पुण्याहून एवढी गाडी घेऊन आलीस, सास्तूर ओलांडून आमच्या गावात पोचलीस, आणि गल्लीच्या तोंडाशी उभी राहून मला फोन करतेस, "आजी, लोकेशन पाठवा." अगं, मी तुझ्या आजोबांची सख्खी बहीण. माझ्याकडं लोकेशन मागतेस? मी म्हटलं, कोंबडी बघ आणि ये. तर म्हणालीस, "आजी, कोंबड्या इथं सगळीकडंच फिरतायत." शेवटी मीच गुडघे धरत तुला न्यायला आले. मग अर्धा चहा टाकून पळालीस, आणि कोंबडीची गोष्ट राहून गेली.

कोंबडीची गोष्ट म्हणजे भान्याची गोष्ट. आता त्याला भानुदास पेंटर म्हणतात. मी भान्याच म्हणते, आणि त्याला ते चालतं.

पण त्याच्याआधी आमचं गाव समजून घे. जुनं गाव भूकंपात बसलं. नवं गाव माळावर बांधून दिलं. देणाऱ्यांनी मन लावून दिलं, आणि फूटपट्टी लावूनही दिलं. एका घराला झाकावं आणि दुसरं काढावं, अशी सारखी घरं. भिंत तीच, खिडकी तीच, दाराला हिरवा रंग तोच. जुन्या गावात कुणी घर विचारलं तर चिंचेपासून वळा, बोळातून निघा, कुत्रं भुंकलं की थांबा, असं सांगत. नव्या गावात सगळे हापशापासून दारं मोजत घरी जायचे. माणसांचं एक जाऊ दे, म्हशीसुद्धा सुरुवातीला दुसऱ्याच्या दावणीला जाऊन पान्हा सोडायच्या. आणि ज्याच्या दावणीला सोडला, तो काही बोंब मारायचा नाही.

भूकंपाच्या रात्री भान्या गयाबाईच्या पोटात होता. बाप ढिगाऱ्यात गेला, आई निघाली. पुढं पोरगं झालं, वाढलं, आणि बिघडलं. लोक म्हणायचे, पोटात असतानाच ह्याचं घर पडलं, म्हणून ह्याचं घराशी जमत नाही. शाळा नववीत सुटली. मिसरूड नीट फुटायच्या आत पिऊ लागला. फाट्यावर मारामाऱ्या, कुणाची मोटारसायकल न विचारता ने आणि ओढ्यात सोडून ये, असले उद्योग. गयाबाईनं काय करायचं बाकी ठेवलं? तुळजापूरला देवीपुढं नाक घासलं. अणदूरच्या खंडोबाला भंडारा उधळला. सोलापूरहून कुणी सांगितलेलं औषध आणून गुपचूप कोरड्यासात, तुमच्या भाजीत गं, घातलं. त्या औषधाचा गुण आला, नाही असं नाही. भान्याला भूक जास्त लागायला लागली.

आणि भूक लागली की तो घरी जेवायला यायचा. मात्र कुणाच्या घरी, ते सांगता यायचं नाही. हापशापासून मोजत यायचं असतं ना, आणि पिणाऱ्याची मोजणी कुठं नीट?

एकदा दुपारी मी भाकरी थापत होते. हा आला, पाय न धुता चुलीसमोर बसला आणि म्हणाला, "आये, वाढ."

मी म्हटलं, सांगू मागनं, आधी जेवू दे लेकराला. वाढलं. डोकं खाली घालून जेवला, ताटात हात धुतला आणि म्हणाला, "आये, आज तुज्या हाताला चव आलीया बग. रोज काय व्हतंय तुला?"

तोवर गयाबाई त्याला हुडकत माझ्या दारात येऊन उभी. तिनं हे सगळं ऐकलं. म्हणाली, "ऱ्हा मग हितंच. हिलाच आय म्हण." पोरगं भरदुपारी पिऊन आलंय, त्याचं तिला त्या दिवशी काही वाटलं नाही. कोरड्यासाचं वाटलं. कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही.

इथवर हसण्यावारी होतं. एके दिवशी तो काशीबाईच्या घरात शिरला. घरात नवी सून एकटी, केस धुवून उन्हाच्या तिरपीला बसलेली. ह्यानं आत येऊन शर्ट काढला, खुंटीला अडकवला आणि बाजेवर आडवा झाला. दुसरं काही केलं नाही त्यानं, आपल्याच घरी होता तो त्याच्या हिशेबानं. पण ती पोर आदल्या दिवशी नांदायला आलेली, तिला काय ठाऊक? तिनं जी किंकाळी फोडली, ती ऐकून सगळी गल्ली गोळा झाली. भान्या तेवढा झोपलेला.

मग बापूराव तात्या आले. तात्या म्हणजे आमच्या गल्लीचं कोर्ट. त्यांना कुणी नेमलं नव्हतं, आवाज मोठा होता म्हणून झाले होते. भान्याच्या तोंडावर तांब्याभर पाणी मारून त्यांनी त्याला उठवलं आणि सगळ्यांसमोर गयाबाईला म्हणाले, "गये, तुजा एकुलता एक हाय, समदं खरं. पर गल्लीत लेकीसुना हायत. आता पुन्यांदा ह्याचा पाय दुसऱ्याच्या उंबऱ्यात पडला, तर ह्यानं गाव सोडायचं. कबूल हाय का?"

गयाबाई खाली बघत म्हणाली, "कबूल हाय."

म्हणायला दोन शब्द लागतात गं. तिनं नवरा गाडला होता, घर गाडलं होतं, आणि उरलेलं एक माणूस असं पैजेवर लावलं.

दुसरा कुणी असता तर घाबरून दारू सोडली असती. भान्यानं बसून नीट विचार केला आणि त्याच्या ध्यानात आलं, की दारूचा ह्यात काही संबंध नाही. चूक दाराची आहे. सगळी दारं सारखी, तर माणसानं करावं काय? आपलं दार वेगळं केलं, की प्यायला मोकळे.

त्याला आयुष्यात एकच काम चांगलं यायचं. पोळ्याला गावातले बैल त्याच्याकडं यायचे, शिंगं रंगवायला. एरवी त्याला दारात उभं न करणारे लोक त्या दिवशी त्याची वाट बघायचे. शिंगावर असे पट्टे ओढायचा, असे वेल काढायचा, की बैलसुद्धा मान ताठ करून चालायचा. तर पोळ्याचा उरलेला रंग घेऊन त्यानं आपल्या दारावर बैल काढला. तांबडा, चांगला हातभर लांब.

सगळी गल्ली बघायला आली. शिंगं बघून कुणी बोलेना. खरंच गं, हात लावला तर टोचतील अशी शिंगं. मग नजर खाली उतरली, आणि पोरं हसायला लागली. पाय म्हणजे बाजेचे चार खुंट. त्यातला एक आखूड.

"भानादादा, बैल बाजेवर चढलाय का वं?"

तात्या काठीवर रेलून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "चांगला हाय. पर ह्यो उठला तर पडंल."

त्याचं काय झालं होतं, की भान्यानं जन्मभर बैल शिंगाकडून बघितला होता. पोळ्याला खाली कोण बघतं? आणि एरवी कुणी त्याला हसलं, तर हा दगड घेऊन धावायचा. त्या दिवशी नाही धावला. दाराकडं वळून त्या पायांकडं बघत राहिला. आईच्या नवसानं, खंडोबाच्या भंडाऱ्यानं, सोलापूरच्या औषधानं जे झालं नव्हतं, ते पोरांच्या हसण्यानं झालं. त्याला कशाची तरी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या गोठ्यात गेले, तर भान्या त्यांच्या बैलाच्या पोटाखाली.

"काय करलालास रं भाड्या?"

"पाय बघलालाव, तात्या."

"कशाला? सोडून न्ह्याचाय व्हय?"

"गुडघा म्होरं वाकतुय का मागं, ते बघलालाव."

तात्यांना पटेना. चोर गुडघा बघत नाही, हे त्यांना कळत होतं, पण भान्या बघतो हेही पटत नव्हतं. ते बाज ओढून गोठ्याच्या दारात बसले, राखण करत. तो रोज जायचा, हे रोज बसायचे. पुढं पुढं तात्यांची सून दोघांना चहा पाठवायला लागली. भान्याची तेव्हापासूनची सवय, ब्रश धुवायचा डबा आणि चहाचा पेला शेजारी ठेवायचा, आणि मग चुकून ब्रश चहात बुडवायचा. एकदा रॉकेलच्या डब्यातला घोट घेतला. तात्या घाबरले. हा तोंड पुसून म्हणतो, "फाट्यावर देत्यात त्याच्यापरीस बरं हाय."

सकाळी हात थरथरला की रेघ हलायची, म्हणून त्यानं सकाळची बंद केली. दिवस मावळायच्या आत पाय बघून घ्यायचे, म्हणून दुपारची गेली. रात्रीची तेवढी उरली होती, पण दिवसभर उकिडवं बसून आलेला माणूस हातात घास असतानाच पेंगतो. अशी सुटली. सुटली म्हणजे काय, भान्यानं नाही सोडली, तिलाच वेळ मिळेना. पण गावात विचारशील तर गयाबाई म्हणायची देवीनं सोडवली, तात्या म्हणतात दम दिल्यानं सुटली, आणि सोलापूरच्या औषधवाल्यानं म्हणे गिऱ्हाइकाला भान्याचं उदाहरण सांगायला सुरुवात केली होती.

आणखी एक खोड लागली त्याला. तात्यांच्या त्या दमामुळं तो स्वतःच्या दारातही थबकायचा. कडी वाजवायचा आणि विचारायचा, "गयाबाईचं घर हेच का?"

गयाबाई आतून ओरडायची, "न्हाय, यष्टीचा स्टॅन्ड हाय. ये आत."

रोज. एक दिवस चुकला नाही. आम्हाला त्यावरून वेळ कळायची.

आता तू म्हणशील, झालं की चांगलं. चांगलं झालं की आमच्या गल्लीला ते बघवत नाही. गयाबाईच्या दारावर बैल, मग आमच्या का नाही? एकेक बाई रंगाचा तळाशी उरलेला डबा घेऊन त्याला बोलवायला लागली. "मला बी तसलाच काढ." त्याला दुसरं यायचंही नाही. काशीबाईनं काढून घेतला, तात्यांनी घेतला, मी घेतला. प्रत्येक बैलागणिक पाय सुधारत गेले. आणि बघता बघता सगळ्या गल्लीत, दारोदार, एकसारखा तांबडा बैल.

लक्षात येतंय का तुझ्या? ज्या दुखण्यावर बैल काढला, ते दुखणं आम्ही हौसेनं परत आणलं. आणि आधीपेक्षा वाईट. आधी निदान मोजत तरी होतो. दारावर बैल आला आणि सगळ्यांनी मोजणं सोडून दिलं.

व्हायचं तेच झालं. एका दुपारी भान्या, शुद्धीत, अगदी कोरडा, हातात रंगाचा डबा, डोक्यात बैलाचे खूर, काशीबाईच्या घरात शिरला आणि शर्ट खुंटीला अडकवला. सून आता नवी नव्हती, ती ओरडली नाही. नुसती म्हणाली, "भावजी, तुमचं घर पलीकडं." पण काशीबाई ओसरीवर होती. तिनं गल्ली गोळा केली.

तात्या आले. चेहरा पडलेला. इतके दिवस गोठ्यात त्याच्यासंगं चहा प्यायलेले. पण सगळ्यांसमोर शब्द गेलेला, आणि कोर्टानं शब्द फिरवला तर कोर्ट कसलं? म्हणाले, "भान्या, बोललो व्हतो. सांजच्या यष्टीनं नीघ."

भान्या ब्रश पुसायला लागला. गयाबाई घरात गेली आणि त्याचे कपडे पिशवीत भरायला लागली. कबूल म्हणाली होती ना ती. लोक पांगले. मी घरात येऊन चुलीपुढं बसले.

इतक्यात दारातून तात्या आले. वहाणा काढल्या, टोपी खुंटीला लावली, बाजेवर बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "पानी आन गं."

मी तांब्या नेऊन दिला. घटाघटा प्यायले. म्हणाले, "लई वंगाळ काम झालं माज्या हातनं."

मी म्हटलं, "तात्या, भाकरी वाढू का?"

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं, चुलीकडं बघितलं, खुंटीवरच्या आपल्या टोपीकडं बघितलं. "पारू, तू माज्या घरात काय करलालीस?"

"तात्या, सांजच्या यष्टीनं दोघं बी जावा. एकाला एक सोबत व्हईल."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्या माणसाचा आवाज बारीक झालेला ऐकला. बाजेवरून उठले, टोपी घातली, बाहेर जाऊन गल्लीभर दारं बघत फिरले. मग भान्याच्या दारात उभं राहून ओरडले, आणि आवाज परत मोठा झाला होता. "भान्या, पिशवी ठेव! गावातनं जायाचं न्हाय. ही समदी दारं येगयेगळी केल्याबिगर गल्लीच्या भाईर पाऊल टाकशील तर तंगडं मोडीन."

असं आहे आमचं कोर्ट. दुपारी हद्दपार, तिसऱ्या प्रहरी कैद.

आता प्रश्न आला, काढायचं काय? भान्या दारोदार फिरून विचारायला लागला. आणि गंमत बघ, कुणी फूल सांगितलं नाही, मोर सांगितला नाही. सगळे जुन्या गावातल्या वस्तू सांगायला लागले. काशीबाई म्हणाली, आमच्या दारात आडाचा रहाट होता, तो काढ. एकानं ढिगाऱ्यात गेलेली म्हैस सांगितली, तिच्या कपाळावरच्या चांदासकट. भान्यानं जुनं गाव डोळ्यांनी बघितलेलंच नाही. मग तो उंबऱ्यावर बसून विचारत राहायचा. रहाटाची दोरी कुठल्या बाजूनं उतरायची? म्हैस कुठला कान हलवायची? बायका सांगता सांगता डोळे पुसायच्या आणि लगेच भांडायच्या, "तसा न्हाय रं, शिंग खाली व्हतं." ज्या घरांत इतकी वर्षं त्या रात्रीचं नाव काढलं नव्हतं, तिथं शेपटीवरून वाद व्हायला लागले.

तात्या काय सांगतात, ह्याकडं सगळ्यांचं लक्ष होतं. ते म्हणाले, "माज्या दारावर दारच काढ. उघडं." त्या रात्री त्यांचं दार चौकटीत अडकलं होतं. हे बाहेर होते, त्यांची बायको आत राहिली. भान्यानं पुढं एक अक्षर विचारलं नाही. काढलं. आत अंधारी खोली, आणि खोलीत दिव्याचा उजेड. इतकं खरं, की काशीबाईची शेळी पळत आली ती त्यात शिरायला गेली आणि कपाळमोक्ष करून घेतला. तात्या पोट धरून हसले. मग डोळे पुसले. हसून आलं असेल पाणी, मी कशाला विचारू?

माझी कोंबडी. त्या रात्री ती बाहेर डालीखाली उगीच बोंबलायला लागली. मी तिला चार शिव्या घालायला म्हणून उठून अंगणात गेले, आणि मागं घर बसलं. तिच्यामुळं मी तुला आज हे सांगते आहे. त्या कोंबडीचं पुढं काय झालं ते विचारू नकोस, पाहुणे आले होते. भान्यानं तिला दारावर अशी काढलीय, की मान वाकडी करून बघते. लोक म्हणतात, डोळे पारूमावशीचे आहेत. मला तसं काही वाटत नाही.

शेवटी राहिलं गयाबाईचं दार. भान्याला तो पहिला बैल पुसून चांगला काढायचा होता, आता हात बसला होता ना. गयाबाई दारात आडवी झाली. "हात लावू नगंस. लंगडा हाय म्हणून तर कुठं जात न्हाय."

मग भान्याचं नाव झालं. शाळांच्या भिंती, तुळजापुरात लॉजच्या पाट्या, मंगल कार्यालयं. एकदा पेपरवाला आला आणि विचारलं, प्रेरणा कुणाची? भान्या खरं सांगायला चुकत नाही. म्हणाला, "दारूची." छापून आलं, देवीच्या कृपेनं. कुणी पोरगं आपलं काम दाखवायला आलं, की तो बाकी काही बघत नाही, पायाकडं बोट करतो. "शिंगं समद्यांचीच चांगली असत्यात. पाय जमल्यात का बग." आता गावात सोयरीक बघायला निघाले तरी लोक तेच म्हणतात.

गयाबाई ह्या माघात गेली. झोपेत, अगदी कुणाला त्रास न देता. दिवस झाले, पाहुणे गेले, आणि भान्या तुळजापूरला अर्धी भिंत पुरी करायला गेला. गल्ली कुजबुजायला लागली. आता बघा, म्हणे. आता आई नाही, आता हा परत बाटलीला लागतो. काहींना काळजी होती, काहींना नुसती उत्सुकता होती.

गेल्या पंधरवड्यात तो आला. दुपारची वेळ, सगळे आपापल्या दारात. पाय नीट पडत नव्हते. थकलाय का प्यायलाय, लांबून कळेना. रहाटापुढून आला, म्हशीपुढून आला, आणि लंगड्या बैलापुढं थांबला. किल्ली हातातच होती. तरी कडी वाजवली आणि विचारलं,

"गयाबाईचं घर हेच का?"

गल्लीत कुणी हललं नाही. तो तसाच उभा. बैलाच्या त्या आखूड पायावर हात ठेवून उत्तराची वाट बघत. मग कडी सोडली आणि एक पाऊल मागं आला. मागं म्हणजे फाट्याकडं.

मी माझ्या उंबऱ्यातून ओरडले, "न्हाय, यष्टीचा स्टॅन्ड हाय. जा आत."

त्यानं वळून बघितलं. हसला का रडला, उन्हात मला दिसलं नाही. कुलूप उघडलं, खाली वाकला आणि आत गेला. थोड्या वेळानं स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. मी भाकरी आणि कोरड्यास नेऊन दिलं. एक घास खाल्ला आणि म्हणाला, "मावशी, आयच्या हाताला तुज्यापरीस चव व्हती." प्यायला नव्हता बघ. शुद्धीतच होता.

तर आता ये गं पोरी, लवकर ये. ह्या वेळी चहा पुरा प्यायला ये. मला रोज त्याला ओरडून उत्तर द्यावं लागतं, आणि माझा घसा म्हातारा झालाय. लोकेशन मी पाठवणार नाही. हापशापासून गल्लीत शीर, उघड्या दारावर डोकं आपटून घेऊ नकोस, आणि वाकड्या मानेची कोंबडी दिसली की कडी वाजव. घर हेच का, असं विचार. मी आतच आहे.